वाकडी करंगळी

सहा वर्षांची लेक गेली आणि बापाने देशामागून देश पालथे घातले. दुःख विसरायला हिंडतोय, म्हणाले सगळे. बोलायला त्यांच्या बापाचं काय जातं?

पहिल्याच हॉटेलात तो आंघोळ करून वळला, तर वाफ धरलेल्या आरशावर, अगदी खालच्या कडेला, चिमुकला पंजा उमटलेला. करंगळी वाकडी. तिचीच.

पुढच्या देशात पंजा बोटभर वर होता. मग दरवर्षी थोडा वर, थोडा मोठा. घरच्या आरशावर मात्र कधीच काही नाही.

आज पंजा त्याच्या खांद्याशी आला होता.

"अहो, केवढी झाली आपली?" बायकोने फोनवर नेहमीसारखं विचारलं.

"तुझ्याएवढी."

"मग पुरे आता. घरी या."

आरशाच्या खालच्या कडेला आणखी एक चिमुकला पंजा उमटत होता. त्याचीही करंगळी वाकडी होती.