एकच जागा

ताईने फळ्यावर मुद्दाम चूक लिहिली आणि वर्गाकडे वळली.

'टीच'चा भूतकाळ 'टीच्ड'. मुलांकडून तिने तो मोठ्याने म्हणूनही घेतला. शेवटच्या बाकावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यातून परदेशातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिचा धडा बघत होत्या. पुढची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, टॉट ना?"

"खाली बस," ताई म्हणाली. बरोबर उत्तर देणाऱ्याला तिने आजवर कधी खाली बसवलं नव्हतं.

उरलेला धडा तिने मुलांच्या मातृभाषेतूनच उरकला. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं, हा त्या शाळेचा पहिला नियम होता. तो तिला पाठ होता, म्हणूनच तिने मोडला.

जागा एकच होती आणि अर्ज दोन होते. एक तिचा, दुसरा तिच्या धाकट्या बहिणीचा.

धाकटीला घरात सगळे शेपटी म्हणायचे. चालायला लागल्यापासून ती ताईच्या मागे मागे. ताई शाळेला निघाली की ही दप्तराला लोंबकळायची. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा शेपटी अजून फ्रॉकमध्ये होती. ताईने तिला वाढवलं, शिकवलं, आपल्यासारखीच इंग्रजीची शिक्षिका केलं, लग्न लावून दिलं. ते लग्न मोडलं. शेपटी एका बॅगेनिशी परत आली, आणि जिना चढता-उतरता लोक तिला विचारू लागले, किती दिवस राहणार म्हणून. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? शेपटीने घराबाहेर पडणंच सोडलं.

परदेशातल्या नोकरीची कल्पना ताईचीच. दोघी मिळून प्रशिक्षण केंद्रात जाऊ लागल्या. ज्यांना इंग्रजी परकी आहे त्यांना ती कशी शिकवायची, याचं प्रमाणपत्र मिळवलं. पदव्या साक्षांकित करून घेतल्या, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणला, रक्त तपासून घेतलं. घरी स्वयंपाकघरात सराव चालायचा. एकीने शिकवायचं, दुसरीने ढ विद्यार्थी व्हायचं. शेपटी इतकी मनापासून ढ व्हायची की ताईला हसू आवरायचं नाही. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसत होतं.

मग केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं, शाळेला एकच शिक्षिका हवी आहे. कामाचा परवाना शाळा काढून देते. त्यावर नवऱ्याला नेता येतं, मुलांना नेता येतं. बहीण त्या नियमात बसत नाही.

केंद्रातच लॅपटॉपवरून मुख्याध्यापिकांनी शेपटीची मुलाखत आधी घेतली. ती हसत बाहेर आली, पण आत काय बोलणं झालं ते सांगेना. "तू फक्त धडा चांगला घे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ताईला वाटलं, वेडी पोर आपली जागा मला देऊ बघते आहे.

म्हणून तो 'टीच्ड'.

शेपटीची निवड झाली. ताईने गोड करून खाऊ घातलं, पण शेपटीने ताट बाजूला सारलं. धड्यात काय घडलं ते मॅडमनी तिला सांगितलं होतं.

"तू मुद्दाम चुकलीस," ती म्हणाली. "तुला यायचंच नव्हतं का?"

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. खरं सांगितलं तर ही जाणार नाही, हे तिला कळत होतं. तिने मान वर केली नाही.

"नव्हतं यायचं. आयुष्यभर तुझंच करत आले. आता जरा मला एकटीला राहू दे."

शेपटी दारातूनच "बरं" म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने शाळेच्या करारावर सही केली.

विमानतळावर ती मागे वळून न बघता आत गेली. रडू लपवत असेल, असं ताईला वाटलं.

फोन आधी दर रविवारी यायचे, मग महिन्याकाठी. हवा, तब्येत, शाळा, संपलं. येतेस कधी, असं ताईने विचारलं की शेपटी म्हणायची, परवाना वाढवून घ्यायचा आहे, सध्या निघता येणार नाही. परवाना वाढला, पुन्हा वाढला. ती आली नाही. ताई ओट्यापाशी उभ्यानेच जेवून घ्यायला शिकली. कुणी चौकशी केली तर सांगायची, पोरगी मार्गी लागली, आणखी काय हवं? त्या एका चुकीच्या शब्दाचा तिला मनातून अभिमान वाटायचा. तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

काही वर्षांनी त्या मुख्याध्यापिका नवे शिक्षक निवडायला स्वतः केंद्रात आल्या. बहिणीची चार शब्दांची खबर मिळेल म्हणून ताई त्यांना भेटायला गेली. बाईंनी शेपटीचं तोंडभरून कौतुक केलं. मुलं तिला सोडत नाहीत, म्हणाल्या. पण राहते एकटीच, कुणाच्या घरी जात नाही, सुटीतही नाही.

ताईला राहवलं नाही. आजवर कुणाला न सांगितलेलं तिने बाईंना सांगून टाकलं. "त्या दिवशी मी मुद्दाम चुकले. जागा एकच होती, आणि ती तिला मिळायला हवी होती. तिला मात्र हे सांगू नका."

"तुमच्या बहिणीने मुलाखतीतच नकार दिला होता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "घ्यायचं तर दोघींना घ्या, ताईशिवाय मी येणार नाही, म्हणाली. मी कबूल झाले. धडा होईपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही, एवढीच माझी अट होती. दुसरी जागा मी मंजूर करून घेतली होती. तुम्ही फक्त नेहमीसारखं शिकवायचं होतं."