दार लावून विचारलेलं

"चिरंजीवांनी बाहेर बसायचं," वकीलबाई म्हणाल्या. "मृत्युपत्र आईंचं आहे. घर कुणाला द्यायचं, ते मी त्यांनाच विचारणार." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दार लावून काय होणार? आईला ऐकू कमी. वकीलबाई ओरडून विचारत होत्या, आई ओरडून सांगत होती, आणि बाहेर बाकावरची चार माणसं भिंतीकडे बघत मन लावून ऐकत होती.

"आजी, तुमचं नाव सांगा!"

"माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही!"

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मुलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. येताना गाडीत त्यानंच तिच्याकडून चारदा घोकून घेतलं होतं. नाव तेवढं राहिलं. नाव काय, तिला येतंच की, असं वाटलं होतं त्याला.

"बरं. मुलं किती तुम्हाला?"

"एक!"

"एकच?"

आत खुर्ची करकरली, काठी टेकत पावलं आली, आणि आईचा आवाज दाराच्या अगदी पलीकडून आला.

"अरे, लेक धरायची का रे त्यात? काय ठरलं होतं आपलं?"

आता कुणी हसलं नाही. शेजारच्या म्हातारबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांच्या पलीकडची बाई त्याच्याकडे एकटक बघत राहिली. भुईनं पोटात घ्यावं म्हटलं, तर भुई टाइलची, गुळगुळीत. ती कसली उघडतेय.

दार उघडलं. त्यानं टाइप करून आणलेला मसुदा वकीलबाईंनी घडी घालून त्याच्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या वेळी बहिणीला घेऊन या."

आई मागून आली. तो पटकन खाली वाकला. तिच्या चपलेचा बंद लावायला, की तोंड लपवायला, त्याचं त्यालाच ठाऊक. तोल सावरायला तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"रागावू नको रे बाळा," ती म्हणाली. तिच्या मते हळूच; सगळ्या बाकाला ऐकू गेलं. "बाकी सगळं पाठ झालं होतं. पोरीला विसरायचं तेवढं जमलं नाही बघ."