लहान लेन्स

“हालू नको आई. लेन्सची परीक्षा आहे, दुसरं काही नाही,” सेतुमाधव तिसऱ्यांदा म्हणाला. खरं बोलणारा माणूस एकदाच सांगतो, हे पन्नाशी उलटली तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आई, विशालाक्षी, मागच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. वय एक्याऐंशी. सकाळचं ऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडून मऊ होऊन तिच्या तोंडावर येत होतं. शेजारी स्टुलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा. त्यात वडिलांचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा आणि त्याच्या दोन लेन्स, दोन्ही पन्नास मिलिमीटरच्या. एक जाडजूड, पुढं मोठी काच असलेली. दुसरी चपटी, काम झालं की आत ढकलून बसवता येणारी, सगळी मिळून पेढ्याएवढी. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती, त्यांचा स्टुडिओ त्याच्याही आधी बंद पडला होता. एक लेन्स ठेवायची, एक विकायची, तेव्हा दोन्हींनी तुझे फोटो काढून बघतो, असं सेतुनं आईला सांगितलं होतं.

खरी गोष्ट निराळी होती. परवा चेन्नईहून थोरल्या भावाचा, रघोजीचा, फोन आला होता. “आईचा एक चांगला फोटो काढून ठेव. आत्ता चेहरा बरा आहे. अप्पांच्या वेळी काय झालं, आठवतं ना?” आठवत होतं. ज्या माणसानं निम्म्या तंजावरचे फोटो काढले, त्याच्या तेराव्याला हार घालायला रेशनकार्डावरचा फोटो मोठा करावा लागला होता. नाकडोळे सगळे विरून गेलेले. “तिला कळू देऊ नको मात्र,” रघोजी म्हणाला आणि सेतु लगेच हो म्हणाला. आपण दोघे भाऊ फार समजूतदार आहोत, असंही त्याला तेव्हा वाटलं.

त्यानं मोठी लेन्स उचलली. तिच्यानं सुरकुत्या कमी दिसतात.

“ती नको,” आई म्हणाली. “लहानी लाव.”

“का गं? ही भारी आहे.”

“भारीत एक डोळा नीट येतो, दुसरा पुसट. हातात धरून बघायला बरं. भिंतीवर उंच लावलं की खालून माणूस ओळखू येत नाही.”

सेतुचा हात तिथंच थांबला. “भिंतीवर कोण लावतंय आई? मी तर लेन्स...”

“पोदुम् डा, पुरे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “स्टुडिओत अशी माणसं येत होती. पापनाशमहून, तिरुवैयारूहून. म्हाताऱ्यांस घेऊन यायची, पेन्शनला फोटो पाहिजे म्हणायची. पेन्शनला येवढा मोठा फोटो कोण मागतो? तुझे अप्पा काही विचारत नव्हते, गप लहानी लेन्स लावायचे. मी आत नेऊन केस विंचरायची, पावडर लावायची. त्यांस कळू नये म्हणून शेताचं, नातवंडांचं बोलत राहायची.”

ती जरा हसली. “सगळ्यांस कळायचं. एका आजोबांनी मजकडून गळ्यापर्यंत गुंड्या लावून घेतल्या. म्हणाले, पोरं भितात, तूं काही बोलू नको.”

सेतुची मान खाली गेली. शाळा सुटल्यावर त्याच स्टुडिओत तो दप्तर टाकून बसायचा. पडद्याआड काय चालायचं ते त्याला कधी दिसलं नव्हतं. आणि आज तो नेमकं तेच खोटं त्याच बाईशी, तिच्याच नवऱ्याच्या कॅमेऱ्याआडून बोलत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“राहू दे आई. आज नको.”

“उद्या तोंड असंच राहील म्हणून कोणी सांगितलं तुज?”

ती उठली आणि भिंत धरून आत गेली. बऱ्याच वेळानं आली ती गडद जांभळं लुगडं नेसून, केस चापून बसवून. फिक्या लुगड्यात चेहरा उठत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. खुर्चीत बसून तिनं पदर सारखा केला आणि हनुवटी किंचित उचलली.

“डोईवर चार बोटं जागा सोड. माळेला लागते.”

सेतुनं लहान लेन्स कॅमेऱ्याला लावली, तिची नळी ओढून बाहेर काढली, फिरवून घट्ट केली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मधल्या पिवळट चौकोनात आईचा डोळा दोनदा दिसत होता. कडी फिरवायची, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. तो फिरवत राहिला, त्या काही केल्या एक होईनात. कॅमेरा बिघडला, असं त्याला वाटलं. मग कळलं की आपलेच डोळे भरून आलेत.

“पूस,” आई म्हणाली. “घाई नाही मज.”

त्यानं बाहीनं डोळे पुसले. या खेपेला डोळा डोळ्यावर बरोबर बसला. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. खटका बारीकसा वाजला. त्यानं रीळ पुढं सरकवलं आणि आणखी दोन काढले.

कॅमेरा खाली ठेवताना त्याला त्या खोट्याचं ओझं एकट्यानं पेलवेना. “रघोजीअण्णाला आत्ताच फोन करतो,” तो म्हणाला. “तुला पहिल्यापासून कळलेलं होतं, ते सांगतो त्याला. त्याचीच ही युक्ती.”

“नको सांगू.” आईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. “फोटो झाला म्हण. तिला काही कळलं नाही म्हण. घरांत लाजणारा एक पुरे.”