जुंबेरच्या कोटातले किडे

अजून एक. कॉलरखाली.

त्सिआलाने घाणकिडा कागदावर घेतला. हळूच. चिमटीत दाबला की घाण वास सुटलाच. खिडकी किलकिली करून तिने तो बाहेर फुंकला. तो भिंतीवर बसला, वळला, आणि परत खिडकीकडेच चालू लागला.

उन्हाळाभर हेझलनटच्या बागा नासवायच्या आणि थंडी आली की घरात घुसायचं. पडद्यांत, गादीखाली, कुठेही. यंदा त्यांना तिच्या नवऱ्याचा, जुंबेरचा कोट सापडला होता.

कोट पलंगावर पसरलेला. इकडची रीतच तशी: माणूस गेला की वर्षभर त्याचे कपडे असेच मांडून ठेवायचे. झटकायचे नाहीत. पेटीत तर नाहीच नाही.

आणि या कोटात जुंबेर अजून होता. तंबाखू, चुलीचा धूर, मानेचा घाम. त्सिआला रोज सकाळी वाकून त्याला हुंगायची. बाकी काही उरलं नव्हतं.

फाटकापासूनच रडणं सुरू झालं. जुंबेरची थोरली बहीण, गुगुली. मागे शेजारणी.

"ताई, थांबा! कोटाला हात लावू नका!"

"माझ्या भावाच्या कोटाला? आणि हे तू मला सांगणार?"

"आत किडे आहेत हो. दाबले की..."

"मागच्या खेपेला कुत्रा चावतो म्हणालीस, आता किडे! मला लांब ठेवायला तुला काहीतरी सापडतंच."

आणि रीतीप्रमाणे गुगुलीने पलंगावर अंग टाकलं. कोट कवटाळला. घट्ट. "माझ्या राजा! उठ रे, बहीण आलीय!"

चुर्र.

चुर्र, चुर्र. सूर्यफुलाच्या बिया फोडाव्यात तसं.

मग तो वास. कुजक्या कोथिंबिरीचा, तेलकट, घशात उतरणारा. शेजारणींचे सूर मध्येच तुटले. एकीने डोळे पुसायचा रुमाल नाकावर नेला.

"अजून तस्साच वास येतो गं त्याचा!" गुगुली हुंदके देत म्हणाली. रडून रडून तिचं नाक पार चोंदलं होतं.

त्सिआलाने तिला ढकललं. सरळ ढकललं. कोट ओढून घेतला. कॉलर.

कोथिंबीर.

काख. अस्तर. आतला खिसा.

कोथिंबीर, कोथिंबीर.

"अगं, काय करतेस हे! लोक बघतायत, त्सिआला!"

त्सिआला जमिनीवर बसली. पलंगाखालून जुंबेरचा बूट ओढला, नाक पार आत खुपसलं, आणि भरल्या खोलीत तशीच बसून राहिली.