सातवा रकाना

इस्पितळाचं ॲप तिनेच लिहिलं होतं. रुग्णाला स्वतःच्या नोंदीतलं काय काय दिसावं, हे एकेक करून लिहायचा तिने कंटाळा केला आणि सरळ 'सगळे रकाने' असं लिहून टाकलं. तेव्हा रकाने होतेच सहा, तेही निरुपद्रवी.

आज शेजारच्या टेबलावरचा सहकारी सहज म्हणाला, "ताई, सकाळी सातवा रकाना वाढवलाय. डॉक्टरांच्या खासगी टिपेचा."

म्हणजे आता ती टीपही रुग्णांना आपोआप दिसणार! बाबांना त्यांचा आजार कळू देऊ नका, म्हणून तिने त्याच इस्पितळातल्या डॉक्टरांपुढे हात जोडले होते. आणि बाबा तर ते ॲप रोज उघडत.

तिने फोन लावला. "बाबा, आज ते ॲप उघडू नका हं!"

"का गं? स्वतः रांधलेलं खाऊ नका म्हणणारी सुगरण आजच पाहिली! बरं, नाही उघडत."

तिने घाईघाईने सातवा रकाना झाकायला घेतला. झाकण्याआधी बाबांच्या नोंदीतली टीप तिने वाचलीच.

 

"रुग्णाला आजाराची पूर्ण कल्पना आहे. हे मुलीला कळू देऊ नका, म्हणून त्यांनीही हात जोडले."