लाल ठिपक्याचा गिलास

"ह्यातून पिऊ नको. तुझा तिकडं हाय."

गुणाबाईनं सून शिवांगीच्या हातातला गिलास हिसकावून घेतला आणि पदराखाली धरला. पण तेवढ्यात शिवांगीनं पाहिलं होतं. गिलासाच्या तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. नेलपॉलिश तिच्याच बाटलीतलं.

दुपारी सासू शेताकडं गेल्यावर तिनं घर धुंडाळलं. न्हाणीजवळच्या कोनाड्यात एक ताटली आणि एक वाटी उपडी घातलेली होती. दोन्हींवर तोच ठिपका. गुणाबाईनं आपली भांडी घरातल्या भांड्यांतून बाजूला काढली होती.

शिवांगीच्या छातीचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. किमो संपून महिना झाला होता. डोक्यावर नुकते मऊ केस येऊ लागले होते.

आता मागचं एकेक आठवायला लागलं. ती जवळ गेली की सासू पदर तोंडावर ओढायची. सारखी लवंग चघळायची, जणू घरात कसला वास कोंडला होता. पूर्वी गल्लीभर ऐकू जाणारी बाई आता "हूं" आणि "न्हाई" यांवर भागवत होती. नवरा सुदर्शन जेवून कृषी केंद्रावर गेला की दोघी एकत्र जेवायच्या, ते बंद झालं होतं. "तू खा, मला भूक न्हाई," म्हणायची आणि नंतर मागच्या ओसरीवर भिंतीकडं तोंड करून जेवायची. पेरू अर्धा चावून उरलेला नात आरतीच्या हातात देणारी आजी हल्ली तिला मुकासुद्धा देत नव्हती.

म्हणजे लेकरूही बाटलं होतं.

"माय तशी न्हाई," सुदर्शन म्हणाला.

"मग कशी आहे?"

"तुझ्यासाठी नवस बोलून मिश्री सोडली तिनं. घरात मिरची बंद केली. ठेच्याबिगर घास न उतरणारी बाई! आणखी काय करावं?"

"माझ्याबरोबर जेवावं."

सुदर्शननं चपला पायात सरकवल्या.

"रविवारपर्यंत वाट बघते," शिवांगी म्हणाली. "नाही तर आरतीला घेऊन उमरीला जाते. माहेरी निदान गिलास तरी एक असेल."

रविवारी नांदेडला 'सोबती'ची बैठक असायची. कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं जमायची. लातूरच्या उमादेवी ती चालवत. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वी झालं होतं. शिवांगीनं फोनवर त्यांना सगळं सांगितलं.

"घेऊन या सासूबाईंना," उमादेवी म्हणाल्या. "काही बोलू नका. आमच्या परातीपुढं भल्याभल्यांची सोंगं उतरतात."

कंधारहून बस निघाली तेव्हा गुणाबाई खिडकीशी बसली, सुनेकडं पाठ करून. "आत्याबाई, पाणी?" शिवांगीनं मुद्दाम आपली बाटली पुढं केली. गुणाबाईनं मान हलवली आणि पदर सावरला.

बैठकीच्या शेवटी सगळ्यांनी साबणानं हात धुतले. मधोमध सुशीला नावाच्या तिखट पदार्थाची परात आली. भिजवलेले मुरमुरे, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. इथं ताटल्या नसायच्या. आजारी, बरे झालेले, घरचे, सगळे एकाच परातीतून खायचे. तोच नियम होता.

"मला उपास हाय," गुणाबाई म्हणाली.

"सकाळी तर दुधात कुस्करून भाकर खाल्लीत," शिवांगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"खावा की, आज्जी!" शेषेराव ओरडले. त्यांच्या बायकोचे उपचार चालू होते. "आमची ही दहा वर्षं माझं डोकं खाऊन राहिली. मला काय झालं?"

"डोकं असतं तर झालं असतं," बायको म्हणाली. सगळे हसले. गुणाबाई हसली नाही.

"बाई," तिनं उमादेवींना हळूच विचारलं, "एका ताटात खाल्लं तर लागतंय ना हे?"

आजूबाजूच्या बायकांनी शिवांगीकडं पाहिलं. कोणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नाही, आजी. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"उष्टं खाल्लं तरी?"

"तरी नाही."

"लेकराचा मुका घेतला तर?"

शिवांगीनं परात सासूपुढं सरकवली. निदान आता तरी सगळ्यांना कळलं. "ऐकलंत ना, आत्याबाई?" ती म्हणाली. "आता खा."

गुणाबाईनं पदराआडून चिमूटभर मुरमुरे तोंडाच्या कडेनं आत सारले. लगेच डोळे भरून आले आणि धारा गालांवर उतरल्या.

"पस्तावली बिचारी," शेषेरावांची बायको पुटपुटली.

उमादेवी मात्र गुणाबाईच्या जबड्याकडं बघत होत्या. त्या उठून तिच्या समोर बसल्या.

"आजी, पदर काढा. आ करा बघू."

"कशापायी?"

"करा तर."

पदर खाली आला. तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडलं नाही. उमादेवींनी मोबाइलचा उजेड आत धरला. गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध जखम.

"कधीपासून?" उमादेवींचा आवाज बदलला होता.

गुणाबाई सुनेकडं वळली. खूप दिवसांनी दोघींच्या तोंडांमध्ये पदर नव्हता.

"लागत न्हाई म्हणल्या ना बाई? मंग माझा गिलास तुझ्याजवळ ठिवला तर चालंल का गं, माय? तुला काही व्हायचं न्हाई ना?"