कागदातली कच्ची

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमची गल्ली येशूला दगा देणाऱ्या जुदासचा कागदी पुतळा जाळते. वर्षभर ज्याच्यावर सगळ्यांचा राग, त्याचंच रूप त्याला द्यायचं, ही मेक्सिकोची रीत. तो करते दोन्या एलोदिया, म्हणजे एलोदियाबाई.

संग्रहालयाचे संचालक सेन्योर उर्किसा तिला म्हणाले, "बाई, तुमच्या कामाच्या प्रदर्शनात नाटकांतले पोशाख मांडू, सिनेमांचे सेट मांडू. कागदाचा पसारा नको. जाळायची बाहुली, ती काय कला?"

"गेल्या वर्षीची तुम्हीच पेटवलीत की."

"हो, मानानं बोलावलं होतं मला. लोक काय हसत होते. कोण होता हो तो फेंदऱ्या नाकाचा?"

दोन्या एलोदियानं त्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली.

"हाच कोट. शिवायला नाटकात शिकले, नाक घडवायला सिनेमात. तरी तुम्ही स्वतःला ओळखलं नाहीत. खरंय, कागदात मी कच्चीच."